बेंड पाईपवरची बेसाल्ट पट्टी : दोन हंगामांच्या वापरानंतर

माझी मोटरसायकल २०१४ सालची आहे. ३५० सीसीची, एका सिलिंडरची आणि हवेने थंड होणारी. धायरीहून सिंहगड रस्त्याने स्वारगेटकडे जाताना सकाळच्या गर्दीत गाडी चालण्यापेक्षा थांबतेच जास्त, आणि एप्रिल-मे महिन्यांत अशा प्रत्येक थांब्याला बेंड पाईपवरून, म्हणजे इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या वाकड्या नळीवरून, उठणारी गरम हवा उजव्या नडगीला भाजून काढते. हा त्रास कमी व्हावा एवढ्याच हेतूने मी बेंड पाईपला उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्याचे ठरवले. ताकद वाढावी किंवा गाडी जुन्या रेसिंग गाड्यांसारखी दिसावी, असा उद्देश नव्हता. पट्टी विकत घेणाऱ्या बहुतेकांचा तो असतो, म्हणून हे आधीच स्पष्ट केलेले बरे.

बाजारात या पट्ट्या मुख्यतः दोन प्रकारच्या मिळतात. एक काचतंतूची, म्हणजे फायबरग्लासची. ती पांढरी, तपकिरी किंवा काळ्या रंगात रंगवलेली असते. दुसरी बेसाल्टच्या तंतूंची. तिचा रंग सोनेरीकडे झुकणारा राखाडी असल्यामुळे ती 'टायटॅनियम' या नावाने विकली जाते, पण तिच्यात टायटॅनियम धातूचा धागा असतो असे समजू नये. बेसाल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण. सिंहगडाचा कडा ज्या दगडाचा आहे त्याच जातीचा दगड सुमारे १४०० ते १५०० अंश सेल्सियसला वितळवून त्याचे बारीक तंतू ओढले जातात आणि त्यांची पट्टी विणली जाते. काचतंतूपेक्षा हे तंतू अधिक तापमान सोसतात आणि वारंवार तापून-निवून लवकर ठिसूळ होत नाहीत. रोज चालणाऱ्या गाडीसाठी दोन्हींतला हाच फरक महत्त्वाचा आहे.

माझी पहिली खरेदी फसली. फेब्रुवारी २०२३ मध्ये एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 'बेसाल्ट' म्हणून मागवलेली पट्टी बादलीत भिजवली तेव्हा पाणी चहासारखे तपकिरी झाले. त्याच वेळी मी थांबायला हवे होते, पण कामाच्या उत्साहात ती तशीच गुंडाळली. महिन्याभरात पुढच्या वळणावरचा रंग उडून खालचा पांढरा काचतंतू दिसू लागला आणि कडांची लव निघू लागली. बेसाल्टच्या पट्टीचा रंग मुळात दगडाचाच असतो, त्यामुळे तो पाण्यात असा सुटत नाही. ज्यांना पट्टी घ्यायची आहे त्यांनी बोटभर तुकडा कापून आधी पाण्यात टाकून पाहावा, म्हणजे उरलेला रोल परत करण्याची संधी तरी हातात राहते.

त्या पहिल्या पट्टीने मला आणखी एक मोठा धडा दिला. ती मी पावसाळाभर काढली नाही. ऑक्टोबरमध्ये तिची टोके बांधणारे धातूचे टाय कापून पट्टी सोडवली तेव्हा तिच्या आतल्या बाजूला गंजाचा लालसर तपकिरी लेप बसलेला होता, आणि पाईपच्या खालच्या वळणावर नखाने ओरखडले तरी पापुद्रे सुटत होते. क्रोमचा पत्ताच नव्हता. याचे कारण अगदी साधे आहे. पट्टी सच्छिद्र असते, ती पाणी शोषून घेते आणि ते थेट लोखंडाला चिकटवून ठेवते. त्यात आपल्या गाड्यांचा बेंड पाईप नेमका पुढच्या चाकाच्या मागे असतो, त्यामुळे चाकाने उडवलेले चिखलपाणी सगळे त्याच्यावरच येते. घर ते कार्यालय एवढ्या लहान अंतरात पट्टी वरून सुकते, आतून ओलीच राहते, आणि रात्रभर तो पाईप ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यासारखा उभा असतो. शिवाय पट्टीमुळे धातू नेहमीपेक्षा अधिक तापतो, आणि तापलेले लोखंड लवकर गंजते ते वेगळेच. अनेक हेडर (म्हणजे बेंड पाईप) उत्पादक गुंडाळलेल्या पाईपवर हमी देत नाहीत, त्यामागे हीच कारणे आहेत.

आमच्या नेहमीच्या मेकॅनिककाकांना तो पाईप दाखवला तेव्हा त्यांनी तो हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "अहो साहेब, पट्टी वाईट नाही, पण पुण्याच्या पावसात ती अंगावर ठेवायची नसते. दिवाळीनंतर घाला, वळवाच्या आधी काढा." गेली दोन वर्षे मी हाच नियम पाळत आलो आहे आणि पुढचे परीक्षण त्याच वापराचे आहे.

नोव्हेंबर २०२३ मध्ये नाना पेठेतल्या एका सुट्या भागांच्या दुकानातून २५ मिलिमीटर रुंदीचा, १० मीटर लांबीचा बेसाल्टचा रोल घेतला. तो मला ९०० रुपयांना पडला. दुकानदार ५० मिलिमीटरची पट्टी पुढे करत होते, कारण ती लवकर गुंडाळून होते. परंतु मोटरसायकलच्या पाईपला आखूड वळणे असतात आणि रुंद पट्टी वळणाच्या आतल्या बाजूला सुरकुतते. त्या सुरकुतीखाली पोकळी राहते आणि पाणी पुन्हा तिथेच साचते. अरुंद पट्टीला वेळ दुप्पट लागतो, पण ती वळणावर अंगासरशी बसते.

किती पट्टी लागेल याचा हिशेब आधी करणे शक्य आहे. माझ्या पाईपचा बाहेरचा व्यास सुमारे ४० मिलिमीटर आहे, म्हणजे एका वेढ्याला सुमारे १२५ मिलिमीटर पट्टी लागते. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर ८ मिलिमीटर चढवला तर एका वेढ्याने पाईप १७ मिलिमीटर झाकला जातो. सिलिंडरच्या तोंडापासून सायलेन्सरच्या जोडापर्यंत दोरा लावून मोजलेली लांबी सुमारे ६०० मिलिमीटर भरली, म्हणजे साधारण ३५ वेढे आणि साडेचार मीटरच्या आतबाहेर पट्टी. सुरुवातीचा आणि शेवटचा दुहेरी वेढा धरूनही एका रोलमध्ये दोन वेळा काम होते. एकदा तापलेली पट्टी काढून पुन्हा वापरता येत नाही, ती वळवताना तुटते. त्यामुळे हा हिशेब माझ्या दृष्टीने दोन हंगामांचा हिशेब आहे.

पाईप गाडीवर असतानाच गुंडाळण्याचा मोह टाळावा. फ्रेम आणि इंजिन यांच्या मधल्या फटीत हात जात नाही आणि पट्टीला ताण देता येत नाही. सिलिंडरच्या तोंडाचे नट बहुधा गंजलेले असतात. त्यांवर आदल्या रात्री पेनिट्रेटिंग ऑइल (गंजलेले आटे सैल करणारे तेल) सोडून ठेवावे आणि सकाळी रिंग पान्याने सावकाश सोडवावेत, कारण तिथला स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) मोडला तर सुट्टीच्या दिवसाचे काम आठवड्याचे होऊन बसते. पाईप काढल्यावर तोंडाचे पॅकिंग नवेच टाकावे. माझ्या पाईपवरचा गंज मी तारेच्या ब्रशने आणि नंतर पॉलिश पेपरने काढला आणि ६०० अंशांपर्यंत टिकणाऱ्या काळ्या रंगाचे दोन हात दिले. क्रोम तर गेलेच होते. ज्यांचे क्रोम अजून शाबूत आहे आणि ज्यांना ते प्रिय आहे, त्यांनी पट्टीचा विचार सोडून द्यावा, कारण पट्टीखाली क्रोम टिकत नाही.

गुंडाळण्याची दिशा हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी चुकलेला दिसतो. सायलेन्सरच्या बाजूने सुरुवात करून वर इंजिनाकडे जावे. असे केल्याने वरचा वेढा खालच्या वेढ्यावर चढतो आणि कौलांवरून पाणी ओघळावे तसे ते पट्टीवरून खाली ओघळते. उलट दिशेने गुंडाळले तर प्रत्येक वेढ्याची कड वर तोंड करून राहते आणि पाणी आत घेते. बेसाल्टची पट्टी कोरडीही नीट बसते, तरी मी ती ओलसर करून घेतो, कारण त्यामुळे तंतूंची धूळ उडत नाही. ही धूळ कातडीत रुतून दोन दिवस खाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा जुना सदरा, हातमोजे आणि मास्क यांशिवाय रोल उघडू नये. माझ्या कामात पाईप माझा भाचा फिरवत होता आणि मी दोन्ही हातांनी पट्टी ताणून धरली होती; एकट्याने हे काम होते, पण ताण सारखा राहत नाही.

टोके बांधायला स्टेनलेस स्टीलचेच टाय घ्यावेत. त्यांची शिल्लक शेपटी कापल्यावर जी कड राहते ती ब्लेडसारखी धारदार असते, म्हणून ती कानशीने घासून आतल्या बाजूला वळवावी. नाही तर गाडी धुताना एक दिवस बोट कापतेच. पहिल्यांदा गाडी तापून निवली की पट्टी थोडी सैल पडते. तेव्हा टाय पुन्हा एकदा आवळावे लागतात, हे पाकिटावर लिहिलेले नसते.

पहिल्या वेळी गाडी सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटे पांढरा धूर येतो. पट्टीतला ओलावा आणि विणताना तंतूंना लावलेले द्रव्य जळून जात असते, आणि त्याचा वास उग्र असतो. मी हे सोसायटीच्या पार्किंगमध्ये केले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना गाडीने पेट घेतल्यासारखे वाटले. त्यांची धावपळ पाहून मला फार वाईट वाटले. दुसऱ्या वर्षी मी गाडी खडकवासल्याच्या दिशेने मोकळ्यावर नेऊन तापवली. धूर अर्ध्या तासानंतरही थांबला नाही, तर मात्र टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणातून, ऑइल गळून पट्टीवर येते आहे का, हे ताबडतोब पाहावे. ऑइलने भिजलेली पट्टी खरोखर पेट घेऊ शकते. गळती असलेल्या इंजिनावर पट्टी घालणे मी धोक्याचे मानतो.

आता परिणामाविषयी. मी इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजमाप करायचे ठरवले होते, पण उघड्या क्रोमवर त्याने ९० अंशांच्या आसपासचा आकडा दाखवला, आणि त्याच जागी टाकलेला पाण्याचा थेंब चर्र आवाज करून उडून गेला. चकचकीत धातू उष्णता फार कमी प्रमाणात उत्सर्जित करतो, म्हणून हे यंत्र त्यावर फसते. पट्टीच्या जाहिरातींत आधी आणि नंतरचे आकडे दाखवतात तेव्हा पाईप चकचकीत होता की काळा, हे विचारायला हवे. मी दुसऱ्या एका गाडीच्या पाईपवर रुपयाच्या नाण्याएवढा काळ्या रंगाचा ठिपका देऊन पाहिले, तेव्हा ठिपक्यावरचा आकडा बाजूच्या क्रोमच्या दुपटीहून अधिक आला. माझ्या पाईपला आता काळा रंग असल्यामुळे तुलना बरी जमली. धायरी ते स्वारगेट अशा फेरीनंतर लगेच मोजले असता रंगवलेला उघडा पाईप २३० अंशांच्या आसपास होता, तर पट्टीचा बाहेरचा पृष्ठभाग १२० च्या आसपास. हे माझ्या एका गाडीचे आकडे आहेत, परंतु नडगीला जाणवणारा फरक त्यांच्याशी जुळतो. सिग्नलला पाय टेकवून उभे राहता येते, पायजम्याचे कापड तापत नाही. मात्र १२० अंशही हात टेकवण्याजोगे नव्हेत. लहान मूल मागे बसत असेल तर पट्टी आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

ताकदीत मला काहीही फरक जाणवला नाही. वायू गरम राहिले की ते पाईपमधून वेगाने बाहेर पडतात हे तत्त्व खरे आहे, आणि शर्यतीच्या इंजिनात त्याचा उपयोग होत असेल. माझ्या गाडीने कात्रजच्या चढावर गिअर बदलण्याची जागा बदललेली नाही. आवाज किंचित दबका झाला, एवढेच.

नव्या गाड्यांच्या मालकांसाठी एक वेगळा मुद्दा आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषणविषयक नियमांनंतरच्या गाड्यांत बहुधा एक्झॉस्टवर ऑक्सिजन सेन्सर असतो आणि धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुधा इंजिनाच्या जवळच बसवलेला असतो. या दोन्हींवर पट्टी येऊ देऊ नये. कन्व्हर्टर स्वतःच खूप तापतो आणि त्याची उष्णता कोंडली तर तो खराब होतो. त्यामुळे झाकण्याजोगा पाईप किती उरतो हे आधी पाहावे; काही गाड्यांवर तो वीतभरही उरत नाही, आणि मग या खटाटोपाला अर्थ नाही. ज्यांचा पाईप स्टेनलेस स्टीलचा आहे त्यांना गंजाची भीती बरीच कमी, आणि त्यांनी पट्टी वर्षभर ठेवली तरी माझी हरकत नाही.

पट्टीवर मारायचा उष्णतारोधक सिलिकॉन स्प्रेही मी दुसऱ्या हंगामात वापरून पाहिला. त्याने धूळ कमी चिकटते आणि कडांची लव बसून राहते. पाणी थोपवण्याचा त्याचा दावा मात्र एका अवकाळी सरीतच उघडा पडला, पट्टी तासाभराने दाबून पाहिली तर ओलीच होती.

पहिली बेसाल्ट पट्टी मी जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात काढली. खाली रंग जसाच्या तसा होता, फक्त टायखालच्या अरुंद पट्ट्यावर गंजाची एक बारीक रेघ होती. दुसरी नोव्हेंबर २०२४ मध्ये घातली आणि मे २०२५ मध्ये वळवाच्या सरी लागताच काढली. तिच्याखाली तेवढीही रेघ नव्हती, कारण या वेळी टायखाली पट्टीचा दुहेरी वेढा घेतला होता. त्या रोलची आता हातभर पट्टी उरली आहे. त्याच दुकानातून त्याच मापाचा दुसरा रोल आणून ठेवला आहे, आणि या वेळी पैसे देण्याआधी दुकानदारांकडून वाटीभर पाणी मागून घेतले.