पद्मिनीचं आयडलिंग: कार्ब्युरेटर किट बसवल्यावरचे आठ महिने

आमची १९८९ ची प्रीमियर पद्मिनी गाडी वडिलांच्या हातची. गेल्या वर्षी ती सिग्नलला थांबली की थरथरायची, गरम झाली की बंद पडायची. पहिल्या गॅरेजमध्ये आयडलचा (गाडी उभी असताना इंजिन नुसतं चालतं, त्याचा) स्क्रू पिळून आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, वाढवून दिले. चार दिवसांत तेच रडगाणं. शेवटी सोलेक्स कार्ब्युरेटरचं (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचं) ओव्हरहॉलिंग किट आणलं आणि जन्मभर काळ्यापिवळ्या टॅक्सींची कामं केलेल्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे गेलो.

त्यांनी कार्ब्युरेटरला हात लावायच्या आधी प्लग काढून पाहिले, ठिणगीच्या पॉइंटची गॅप लावली, व्हॉल्व्हचे टॅपेट सेट केले. मग चालू गाडीत चोक अर्धा ओढला, म्हणजे वरून येणारी हवा कमी केली. थरथर थांबली! "पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर खालून हवा घेतेय," ते म्हणाले. ब्रशने कार्ब्युरेटरच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडलं, तर एका बाजूला ते सर्रकन आत ओढलं गेलं आणि इंजिनाचा आवाज बदलला. वर्षानुवर्षं नट आवळून फ्लँजचे, म्हणजे कार्ब्युरेटर इंजिनावर बसतो त्या बुडाच्या पट्टीचे, दोन्ही कान वाकले होते. जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यांनी तासभर फ्लँज घासली. मधला काळा पट्टा हळूहळू उजळत गेला, तेव्हा कुठे ती सपाट झाली. नुसतं किट बसवून भागलं नसतं, हे मला तिथेच कळलं.

किटमधला नीडल व्हॉल्व्ह (कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई) झकास. त्याआधी गाडी उभी केली की पेट्रोलचा वास यायचा, तो गेला. बुडाचं गॅस्केट मात्र पातळ निघालं. तीन महिन्यांत पुन्हा हवा घ्यायला लागली, तेव्हा जाड गॅस्केट कापून घेतलं. आयडल जेट, म्हणजे आयडलला पेट्रोल देणारं बारीक भोक, आम्ही फक्त हवेच्या प्रेशरने साफ केला. कृपया त्यात तार घालू नका, भोक मोठं होतं आणि मग पेट्रोल-हवेचं मिक्श्चर कधीच जमत नाही. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बंद करून दीड फेरी उघडला आणि तिथून कानाने लावला.

सध्याच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर मिक्श्चर आणखी पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), म्हणून पुढे तो स्क्रू पाव फेरी अजून उघडावा लागला. इथेनॉलमुळेच जुने रबरी पाइपही बदलले, तेवढं प्रत्येकाने कराच.

दोन-तीन दिवस उभी राहिली तर अजूनही सेल्फ जास्त मारावा लागतो, कारण फ्लोट चेंबरमधलं (कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीतलं) पेट्रोल उडून जातं. पण परवा खंबाटकी घाटाच्या चढावर वीस मिनिटं वाहतूक तुंबली होती, तापमानाचा काटा वर चढत होता, आणि गाडी एकदाही बंद पडली नाही. वडील शेजारी बसून नुसते इंजिन ऐकत होते.