डिस्क संपत चालल्यावर गेमच्या दुकानाने विकायचे काय? लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानाचे परीक्षण

मुंबईत ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला उतरून डॉ. भडकमकर मार्गाला, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या लॅमिंग्टन रोडला लागले की संगणकाच्या सुट्या भागांपासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांपर्यंत सगळे विकणारी दुकाने दुतर्फा दिसतात. त्यांतल्याच एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर व्हिडिओ गेमचे एक चिंचोळे दुकान आहे. त्याची जाहिरात करण्याचा हेतू नसल्यामुळे नाव देत नाही. परीक्षण लिहावेसे वाटले ते मात्र एका ठोस कारणाने. खेळ थेट इंटरनेटवरून उतरवून घेण्याचा काळ आलेला असताना असे दुकान कशाच्या जोरावर चालते आणि पुढे चालेल का, हे तिथे काउंटरपाशी उभे राहून पाहता येते.

नव्या सीलबंद डिस्कांचे कपाट अजून आहे, पण ते आता दुकानाच्या मागच्या भिंतीला गेले आहे. दर्शनी जागा मिळाली आहे ती वापरलेल्या डिस्कांना, आणि ते योग्यच आहे. सोनीच्या प्लेस्टेशन ५ या कन्सोलसाठीचा, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रासाठीचा, मोठा नवा खेळ भारतात पाच हजार रुपयांच्या आसपास पडतो. तो डाउनलोड करून घेतला तर पैसे कायमचे अडकतात, डिस्क घेतली तर खेळ संपल्यावर त्यातले बरेचसे सुटतात. ताजा खेळ महिन्याभरात परत आणला तर हे दुकान किमतीच्या निम्म्याहून अधिक रक्कम दुसऱ्या डिस्कमध्ये वळती करून देते. रोख हवी असेल तर कमी देते, आणि हा फरक आधीच स्पष्ट सांगते. हा कन्सोल २ फेब्रुवारी २०२१ रोजी भारतात आला तेव्हा डिस्कवाल्या प्रकाराची किंमत ४९,९९० रुपये होती आणि बिनडिस्कच्या डिजिटल प्रकाराची ३९,९९० रुपये. वाचलेले ते दहा हजार अनेकांना तेव्हा मोठी बचत वाटले, पण पाच-सहा खेळांची अदलाबदल केली की डिस्कवाल्याचे पारडे जड होते. हे गणित काउंटरवरचा मुलगा नव्या गिऱ्हाइकाला दोन मिनिटांत समजावतो, आणि खरे सांगायचे तर त्याचा सगळा धंदा या दोन मिनिटांवर उभा आहे.

डिस्क परत घेताना केली जाणारी तपासणी पाहण्यासारखी असते. डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरून हळूहळू फिरवली जाते. हे खेळ ज्या ब्लू-रे प्रकारच्या डिस्कवर येतात तिच्यावरचे कठीण आवरण बारीक ओरखडे सहज झेलते, परंतु माहितीचा थर पृष्ठभागाखाली जेमतेम ०.१ मिलिमीटर असल्यामुळे खोल चरा गेला की डिस्क वाया जाते. त्यानंतर ती कन्सोलमध्ये घालून खेळ सुरू होईपर्यंत थांबतात. माझ्यासमोर एका कॉलेजकुमाराने खास आवृत्तीचा डबा पुढे केला, तेव्हा मुलगा म्हणाला, “दादा, सीडी चांगली आहे, पण आतला कोड वापरून झालाय. मी साध्या आवृत्तीचाच भाव देणार.” परदेशातून आणलेल्या डिस्कच्या बाबतीत तो आणखी एक गोष्ट न विचारता सांगतो. डिस्क आपल्याकडे चालते, पण त्या खेळाचे जादा भाग विकत घ्यायचे असतील तर डिस्कचा प्रदेश आणि आपल्या खात्याचा प्रदेश जुळावा लागतो. ऑनलाइन दुकानांतल्या दहा चकचकीत छायाचित्रांपेक्षा ही माहिती मोलाची आहे.

तरीही या जुन्या डिस्कांच्या धंद्याचे आयुष्य दुकानदाराच्या हातात नाही, हे मान्य करावे लागते. ते कन्सोल बनवणाऱ्यांच्या हातात आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एस या कन्सोलला डिस्कची खाचच नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये डिस्क वाचणारा ड्राइव्ह नाही. तो वेगळा विकत घेऊन जोडावा लागतो आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेटही लागते. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २ च्या अनेक खेळांच्या कार्डात खेळच नसतो, असते ती फक्त डाउनलोडची परवानगी. हे कार्ड पुढे विकता येते, म्हणून दुकानदाराला ते तूर्त सोयीचे आहे. पण ज्या दिवशी कंपनी ती डाउनलोडची सोय बंद करील त्या दिवशी शेल्फवरचे प्लास्टिक तेवढे उरेल. मार्च २०२३ मध्ये निन्टेंडोने आपल्या वी यू आणि ३डीएस या जुन्या यंत्रांच्या ऑनलाइन दुकानांतली विक्री थांबवली, मार्च २०२४ मध्ये यूबीसॉफ्ट या खेळ बनवणाऱ्या कंपनीने ‘द क्रू’ या सर्व्हरशिवाय न चालणाऱ्या खेळाचे सर्व्हर बंद केले आणि जुलै २०२४ मध्ये एक्सबॉक्स ३६० चे दुकान मिटले. ‘द क्रू’ची तर डिस्क हातात असलेल्यांनाही खेळ बंद झाला. म्हणून “डिस्क घ्या, आयुष्यभर खेळा” असे दुकानातल्या फलकावर लिहिलेले आहे, ते सरसकट खरे मानू नये.

या दुकानाची खरी तयारी आतल्या खोलीत दिसते. तिथे एक टेबल, भिंगाचा दिवा, सोल्डरिंगची बंदूक आणि उघडून ठेवलेले कंट्रोलर, म्हणजे हातात धरून खेळायची बटणांची उपकरणे, असतात. कंट्रोलरची अंगठ्याने हलवायची स्टिक आपोआप सरकत राहण्याचा दोष, ज्याला सगळे ‘ड्रिफ्ट’ म्हणतात, तो इतका सार्वत्रिक आहे की एकट्या त्याच्यावर एका कारागिराचा दिवस भरतो. कंट्रोलरच्या मूळ स्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर, म्हणजे स्टिकची जागा मोजणारा, घासून झिजणारा भाग असतो. कारागीर जुन्या भागाचे सगळे टाके एकेक करून मोकळे करतो, बोर्डावरच्या तांब्याच्या कड्या उचलल्या जाणार नाहीत याची काळजी घेतो, मग चुंबकावर चालणारा हॉल इफेक्ट प्रकारचा नवा भाग बसवतो, ज्यात घर्षणाने झिजायला काही नाही. शेवटी कंट्रोलर संगणकाला जोडून मध्यबिंदू नीट बसवून घेतो. ही शेवटची पायरी घाईत टाळणारे कारागीर मी इतरत्र पाहिले आहेत. इथे ती गिऱ्हाइकासमोर, पडद्यावरचे दोन्ही वर्तुळाकार आलेख दाखवून केली जाते. नव्या कंट्रोलरच्या किमतीच्या मानाने लागणारा खर्च बराच कमी असतो आणि कामावर तीन महिन्यांची हमी लिहून मिळते. एचडीएमआयचे तुटलेले पोर्ट, धुळीने भरलेले पंखे, सुकलेला थर्मल पेस्ट हीही कामे होतात. खेळ डाउनलोड होऊ शकतो, टाका मारलेला कंट्रोलर होऊ शकत नाही. आणि या दुकानाच्या मालकाला हे अनेक मोठ्या साखळ्यांच्या आधी कळलेले दिसते.

मोठ्या साखळ्यांनी काय केले हे पाहिले की ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. अमेरिकेतील गेमस्टॉप या खेळांच्या दुकानांच्या साखळीची मुख्य कमाई अनेक वर्षे वापरलेल्या डिस्कांवर होती, कारण नव्या मालापेक्षा त्यांत कितीतरी जास्त नफा सुटत असे. डिस्क घटू लागल्यावर कंपनीने मोबाइल फोनची दुकाने घेऊन पाहिली आणि पुढे विकून टाकली. जानेवारी २०२१ मध्ये तिचा शेअर काही दिवसांत अनेक पटींनी उसळला ते जगाने पाहिले, पण त्या उसळीचा दुकानाच्या काउंटरशी काडीचा संबंध नव्हता. जुलै २०२२ मध्ये उघडलेला एनएफटीचा, म्हणजे डिजिटल वस्तूंच्या मालकी-नोंदींचा, बाजार फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाला. २०२५ च्या मे महिन्यात कंपनीने ४,७१० बिटकॉइन विकत घेतले, आणि दुकाने मात्र शेकड्यांनी बंद होत राहिली. या सगळ्यात एकच पाऊल मला दुकानदारीचे वाटते, ते म्हणजे शौकीन जमवतात त्या चित्रांच्या संग्राह्य कार्डांचा व्यवहार आणि ती कार्डे दर्जा ठरवण्यासाठी पाठवण्याची सोय, कारण त्यात वस्तू हातात घेऊन पाहावी लागते. ब्रिटनमधील गेम या साखळीने तर २०२४ मध्ये जुन्या डिस्का घेणेच थांबवले. माझ्या मते ज्या कारणासाठी माणूस दुकानाची पायरी चढत होता तेच कारण तिने स्वतःहून काढून टाकले.

आता उणिवा. पहिली आणि गंभीर उणीव म्हणजे ‘डिजिटल’ या नावाखाली इथे चालणारी खात्यांची विक्री. एका खात्यावर खेळ विकत घ्यायचा आणि त्या खात्याचा पासवर्ड तीन-चार गिऱ्हाइकांना वेगवेगळ्या दराने द्यायचा, हा उद्योग मुंबई-पुण्यात सर्रास चालतो. तो कंपनीच्या अटींत बसत नाही. खाते बंद झाले की दाद मागायला जागा नसते. प्रामाणिकपणे दुरुस्ती करणाऱ्या दुकानाने हा धंदा करू नये, आणि गिऱ्हाइकाने अशी खाती घेऊ नयेत असेच मी सांगेन. गिफ्ट कार्डांचे कोडही विक्रीला आहेत, पण तेच कोड फोनवर घरबसल्या मिळतात आणि दुकानाला त्यांत फारसे सुटत नाही, त्यामुळे ती जागा निव्वळ अडलेली आहे.

दुसरी उणीव जुन्या मालाच्या मांडणीची. खालच्या फळीवर प्लेस्टेशन २ च्या डिस्का, गेमबॉयची काही कार्ट्रिज आणि नव्वदच्या दशकात घरोघरी असलेले पिवळट पडलेले, टीव्हीला जोडायचे ८-बिट खेळसंच एकत्र कोंबलेले आहेत. ना भाव लिहिलेला, ना चालू आहे की बंद याची चिठ्ठी. टोकियोच्या अकिहाबारात सुपर पोटॅटोसारखी दुकाने अशाच मालावर मजलेच्या मजले चालवतात, कारण तिथे प्रत्येक वस्तू स्वच्छ करून, तपासून, दर्जा लिहून ठेवलेली असते. आपल्याकडे गिऱ्हाईक तेवढे नाही हे खरे. तरी ज्याच्या घरात कारागीर आणि टेबल दोन्ही आहे त्याने कार्ट्रिजमधली संपलेली बॅटरी बदलून, टोके पुसून, “चालू आहे, महिनाभराची हमी” अशी चिठ्ठी लावली तर त्याच फळीचा भाव दुप्पट होईल. निन्टेंडोचे भारतात अधिकृत दुकान नाही, त्यामुळे हमीसाठी गिऱ्हाइकाला बाहेरून माल आणणाऱ्याच्याच शब्दावर विसंबावे लागते, आणि इथे या दुकानाचा शब्द कामी येऊ शकतो.

भावाबाबत एक सूचना. नवी सीलबंद डिस्क इथे ऑनलाइनपेक्षा स्वस्त मिळत नाही, त्यामुळे केवळ तेवढ्यासाठी येऊ नये. अदलाबदलीसाठी यायचे तर डबा आणि आतले कागद जपून आणावेत, भावात फरक पडतो. दुरुस्तीला कंट्रोलर द्यायचा असेल तर सकाळी अकराच्या सुमारास यावे. शनिवारी संध्याकाळी कारागिरासमोर इतका ढीग असतो की वस्तू सोमवारवर जाते, आणि रविवारी दुकान बंद असते.