फुकटचा सिबिल रिपोर्ट आणि त्यातली चूक दुरुस्त करायची सोय : पाचपैकी चार स्टार

यंदा ज्यांना पीककर्ज, ट्रॅक्टरचं नाहीतर म्हशीचं लोन काढायचं आहे त्यांच्यासाठी लिहितो. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जफेडीचा हिशोब, आपण सगळे ज्याला सिबिल म्हणतो ते, घरबसल्या फुकट पाहता येते आणि त्यात भलतंच काही लागलं असेल तर दुरुस्तही करून घेता येते. मी माझा आणि काकाजीचा काढला. काकाजीच्या रिपोर्टात मोठी चूक निघाली आणि ती दुरुस्त झाली, म्हणून चार स्टार. एक काऊन कापला ते पुढं येतेच.

सिबिल हे एका कंपनीचं नाव आहे, अशा चार आहेत, ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं 2017 पासून चौघींनाही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसकट फुकट द्यावाच लागते. घरात कोणाचं गटाचं, मायक्रोफायनान्सचं कर्ज असेल तर तिच्या नावानं क्रिफ हाय मार्कचा जरूर काढा, गटाच्या कर्जाच्या नोंदी तिथं चांगल्या सापडतात.

काढणं सोपं आहे, कंपनीच्या स्वतःच्या साइटवर जाऊन नाव, जन्मतारीख, पॅन, मोबाईल टाका, ओटीपी आला की झालं. मधात पैशाचे प्लॅन दाखवतात, ते घ्यायची काही गरज नाही, वर्षाचा फुकटवाला पर्याय शोधा. आमच्या घाटंजी तालुक्यात शेतात रेंज राहत नाही, ओटीपीची वेळ निघून जाते, म्हणून हे काम गावात बसूनच करा. आणि आपला रिपोर्ट आपण पाहिला तर स्कोअर कमी होत नाही, ही भीती मनातून काढून टाका.

स्कोअर 300 ते 900 मध्ये राहते, पण नुसता आकडा पाहून बंद करू नका. खाली प्रत्येक कर्जाला महिन्यामहिन्याची घरं राहतात. 000 म्हणजे काही थकलं नाही, 030, 060 म्हणजे तितके दिवस थकलं, एक्स एक्स एक्स म्हणजे बँकेनं त्या महिन्याची माहितीच पाठवली नाही. काकाजीच्या पीककर्जाला सगळीकडे 000. आणि त्याच्याच खाली एक दुचाकीचं कर्ज, 030, 060, 090 असं चढत गेलेलं आणि शेवटी रिटन ऑफ, म्हणजे वसूल होत नाही म्हणून बुडीत धरलेलं. काकाजीनं जिंदगीत मोटरसायकल घेतली नाही! नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तेच, पण जन्मतारीख वेगळी आणि पत्ता दुसऱ्याच जिल्ह्याचा. आपल्याकडे एकेका आडनावाची अर्धी अर्धी गावं आहेत, तेव्हा असं कोणासोबतही होऊ शकते. या एका नोंदीपायी मागच्या खरिपात बँकेनं त्यांचं लिमिट वाढवलं नाही, कारणही धड सांगितलं नाही, बियाणं-खत कृषी केंद्रातून उधारीवर आणावं लागलं. पीककर्जाला सिबिल मागू नका असं मुख्यमंत्री बँकांना जाहीर सांगतात, पण शाखेत गेलं की पहिले तेच पाहतात. ज्या माणसानं सोसायटीचा रुपया कधी ठेवला नाही त्याला थकबाकीदार धरलं, याचा मला अजूनही राग येते.

डिस्प्यूट, म्हणजे चुकीच्या नोंदीची तक्रार, त्याच साइटवर टाकता येते, पैसे लागत नाहीत, फक्त रिपोर्टावरचा कंट्रोल नंबर लिहून ठेवा. हे कर्ज माझं नाही असा पर्याय निवडून आम्ही काय काय जुळत नाही ते लिहिलं. आता हे नीट समजून घ्या, क्रेडिट कंपनी स्वतःहून काही खोडत नाही, ज्यानं नोंद पाठवली त्याला विचारते, तो हो म्हणाला तरच बदल होते. एक स्टार इथंच कापला, कारण त्या दुचाकीला कर्ज देणारे फायनान्सवाले पहिल्या वेळेस माहिती बरोबर आहे एवढंच कळवून मोकळे झाले, मंग आम्ही त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला पॅनची झेरॉक्स आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडून ईमेल केला, रजिस्टर पोस्टानंही पाठवलं, कर्जाच्या अर्जावरचा फोटो आणि सही दाखवा अशी लेखी मागणी केली आणि डिस्प्यूट पुन्हा टाकला. फोटो दुसऱ्याच माणसाचा निघाला. नोंद गेली.

पत्रात नियमाचा उल्लेख कराच. एप्रिल 2024 पासून 30 दिवसांत तक्रार मिटली नाही तर पुढच्या दर दिवसाचे 100 रुपये भरपाई द्यावी लागते, आणि त्या 30 पैकी 21 दिवसांत बँकेनं, फायनान्सनं आपलं उत्तर कळवायचं असते. तरी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर, म्हणजे तिच्या तक्रारीच्या साइटवर, तक्रार करता येते, फी नाही, माहितीसाठी 14448 नंबर आहे.

खरी थकबाकी मात्र डिस्प्यूटनं जात नाही. ओटीएस, म्हणजे एकरकमी तडजोड, करून सूट घेतली असेल तर सेटल्ड असं लिहून येते आणि ती चूक नाही. पण पूर्ण पैसे भरूनही बाकी दिसत असेल तर नील दाखला, म्हणजे काही बाकी नाही असा बँकेचा कागद, जोडून भांडा, तो दाखला कर्ज फिटलं त्याच दिवशी मागून घेत जा. आणि सिबिल वाढवून देतो म्हणून तीन-चार हजार मागणाऱ्यांना आपला पॅन अन् ओटीपी देऊ नका बाप्पा, चुकीची नोंद काढायचा रस्ता हाच आहे आणि तो फुकट आहे.

वेळ पण पाहा. मे-जूनमध्ये बँकेत गर्दी होते, डिस्प्यूटची एक फेरी म्हणजेच महिना, दुसरी लागली तर पेरणी निघून जाते. मार्चअखेर नवं-जुनं, म्हणजे जुनं पीककर्ज भरून नवं उचलणं, झालं की एप्रिलमध्येच रिपोर्ट काढा, 2025 पासून बँकांना पंधरा दिवसांनी किंवा त्याहून लवकर माहिती पाठवावी लागते, म्हणून तुमचा भरणा तोवर दिसायला पाहिजे. आणि एकीकडे दुरुस्त झालं म्हणून बाकीच्या तिघींकडे पाहायचं सोडू नका. काकाजीची तीच दुचाकी आणखी एका कंपनीच्या रिपोर्टात अजून उभी आहे, तिथं वेगळा डिस्प्यूट टाकला आहे, निकाल आला की कळवतो.