उंदराच्या प्रतिकारपेशींसाठी मोनोक्लोनल अँटिबॉडीज: पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

कुपीवर ठळक छापलेलं 'अँटी-माउस सीडी४' (उंदराच्या पेशींवरच्या सीडी४ या खुणेला चिकटणारी अँटिबॉडी) बघून ऑर्डर टाकू नका. खाली बारीक अक्षरात क्लोनचं, म्हणजे ती अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशीवंशाचं, नाव असतं, ते आधी वाचा. नाशिकमधल्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत सी५७बीएल/६ जातीच्या उंदरांच्या प्लीहेतल्या पेशींवर अशा अँटिबॉडींचा संच वापरतोय. दोन कुपींवर एकच नाव असलं तरी क्लोन बदलला की निकाल बदलतो.

सीडी८ या खुणेसाठी ५३-६.७ हा क्लोन सगळ्यात निर्धास्त. मात्र तेवढ्यावरून टी-पेशी म्हणू नये, कारण प्लीहेतल्या काही डेंड्रिटिक पेशींवरही सीडी८-अल्फा असतं. सोबत टी-पेशींची खूण असलेल्या सीडी३चा १७ए२ हवाच. मायलॉइड पेशींवरच्या सीडी११बीचा एम१/७० तर १९७९ पासून वापरात आहे आणि आजही तक्रारीला जागा नाही. हायब्रिडोमाचा (अँटिबॉडी बनवणारी पेशी कर्करोगपेशीशी जोडून केलेल्या, सतत वाढणाऱ्या पेशींचा) हाच तर फायदा: क्योलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये ही पद्धत दिली, तेव्हापासून एकाच क्लोनची अँटिबॉडी वर्षानुवर्षं तशीच बनवता येते, म्हणून जुन्या शोधनिबंधांशी आपले आकडे ताडून बघता येतात.

सीडी४चा जीके१.५ हा क्लोन रोजच्या स्टेनिंगला (पेशींना रंग जोडलेली अँटिबॉडी लावायला) उत्तम. पण तोच उंदराला टोचून सीडी४ पेशी नष्ट करणार असाल, तर नंतर मोजायला जीके१.५ही नको आणि सीडी४चाच दुसरा क्लोन आरएम४-५ही नको. रेणूवरची जागा आधीच अडलेली असते, त्यामुळे शिल्लक पेशी दिसत नाहीत आणि प्रयोग फत्ते झाल्याचा भास होतो. आरएम४-४ वेगळ्या जागी बसतो, मोजायला तो घ्या.

जीआर-१चा आरबी६-८सी५ मला फारसा पटला नाही. तो न्यूट्रोफिलवरच्या लाय६जी या खुणेबरोबर लाय६सीलाही चिकटतो, म्हणजे न्यूट्रोफिलच्या घोळक्यात मोनोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशीही शिरतात. निव्वळ न्यूट्रोफिल हवे असतील तर लाय६जीचा १ए८ घ्या. आणि २.४जी२चा एफसी ब्लॉक वगळून पैसे वाचवू नका. तो नसेल तर मॅक्रोफेज नको ती अँटिबॉडी एफसी रिसेप्टरने (अँटिबॉडीची शेपटी पकडणाऱ्या रेणूने) धरून बसतात.

आता इथली अडचण. आमच्याकडे फ्लो सायटोमीटर (लेझरने एकेक पेशीचा रंग मोजणारं यंत्र) नाही. स्टेन केलेले, फिक्स केलेले (रसायनाने टिकवलेले) नमुने थर्माकोलच्या खोक्यातून सिन्नर-संगमनेरमार्गे पुण्याला जातात. या प्रवासात टँडेम रंग (दोन रंग जोडून केलेले) टिकत नाहीत. एपीसी-साय७ उजेडाने, उष्णतेने आणि फिक्सेशनने तुटतो, मग नुसता एपीसी चमकतो आणि नसलेल्या पेशी असल्यासारख्या दिसतात. म्हणून पुण्याला जाणाऱ्या पॅनेलमध्ये (एकत्र वापरायच्या रंगांच्या संचात) एफआयटीसी, पीई, एपीसी आणि पॅसिफिक ब्लू एवढंच ठेवतो. रंग कमी मिळतात, पण मिळतात ते खरे असतात. पीई आणि एपीसी गोठू मात्र देऊ नका. कुपी थेट गोठलेल्या जेलपॅकला टेकवणारे पुरवठादार असतात, तेव्हा पार्सल आल्याबरोबर उघडून बघा.

कुपी महाग आहेत हे खरं, पण टायट्रेशन (वेगवेगळ्या प्रमाणात लावून योग्य प्रमाण शोधणं) केलं की बहुतेक वेळा कंपनीने सांगितल्यापेक्षा कमीत भागतं आणि पार्श्वभूमीही स्वच्छ येते.

नॅचरल किलर पेशींसाठी पीके१३६ हा क्लोन घेणाऱ्यांना दोन गोष्टी. बाल्ब/सी जातीच्या उंदरांत तो काही दाखवणार नाही, सी५७बीएल/६मध्ये चालतो. आणि इतर बहुतेक क्लोन रॅटचे किंवा हॅमस्टरचे असले तरी हा उंदराचाच आहे, त्यामुळे फक्त रॅट-हॅमस्टर अँटिबॉडी पकडणाऱ्या कॉम्पेन्सेशन बीड्सना (रंगांची एकमेकांत होणारी सरमिसळ दुरुस्त करायला वापरतात त्या मण्यांना) तो चिकटत नाही. त्याच्यासाठी थोड्या पेशी बाजूला काढून ठेवाव्या लागतात.