सूर्याचे फोटो: फिल्म घ्यावी की हायड्रोजन-अल्फा?

घरी टेलिस्कोप आहे आणि सौरडाग टिपायचे आहेत, तर प्रश्न एवढाच: त्याच्या तोंडावर सोलर फिल्म, म्हणजे सूर्याचा प्रकाश अडवणारा पातळ पडदा, बसवायची, की हायड्रोजन-अल्फाचा वेगळा टेलिस्कोप घ्यायचा?

फिल्म काही हजारांत येते. ५.० घनतेची फिल्म एक लाखांश प्रकाशच आत सोडते. डागाचा काळा गाभा, भोवतीची करडी झालर, कडेजवळचे उजळ पट्टे, सगळं दिसतं, आणि आयपीसला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, मोबाइल लावूनही फोटो जमतो. ३.८ घनतेची फिल्म जास्त प्रकाश सोडते, म्हणून ती फक्त कॅमेऱ्यासाठी. तिच्यातून डोळा लावायचा नाही. फिल्म नेहमी टेलिस्कोपच्या पुढच्या तोंडावर. आयपीसला लावायचे जुने काळे फिल्टर उष्णतेने तडकतात, ते फुकट मिळाले तरी नकोत. फाइंडर, म्हणजे नेम धरायची छोटी दुर्बीण, तीही झाका, नळीची सावली जमिनीवर सर्वांत लहान झाली की सूर्य सापडला.

हायड्रोजन-अल्फा ६५६.२८ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाचा अगदी अरुंद पट्टा दाखवतो. कडेवर उसळणारे प्रॉमिनन्स, म्हणजे तप्त वायूचे झोत, तेच बिंबावर गडद रेघांसारखे दिसले की फिलामेंट, नशीब असेल तर सौरज्वाला. अर्ध्या तासात आकार बदललेला दिसतो, ही मजा फिल्ममध्ये नाही. पण मोनो, म्हणजे कृष्णधवल, कॅमेरा हवा, कारण रंगीत सेन्सरचे चारांतले एकच, लाल पिक्सेल कामी येतात. सगळं धरून खर्च लाखापलीकडे सहज जातो, आणि तो टेलिस्कोप रात्री निरुपयोगी.

नागपुरात दोन्हींचा खरा शत्रू तापलेला स्लॅब. मे महिन्यात नऊ-साडेनऊलाच गच्चीवरून झळा उठतात आणि बिंबाची कड उकळल्यासारखी थरथरते. सूर्य थोडा वर आला की लगेच, गच्ची तापायच्या आत उरकायचं. फुटाळा किंवा अंबाझरी तलावाच्या काठावर हवा जास्त शांत मिळू शकते; उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातल्या बेटावर आहे ती याचसाठी. फोटो एकेक काढू नका. छोटा व्हिडिओ घेऊन त्यातल्या चांगल्या फ्रेम ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचा.

माझं मत: आधी फिल्म. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्रात वाढतात-कमी होतात; सध्याच्या पंचविसाव्या सौरचक्राचा शिखरकाळ २०२४ मध्ये येऊन गेला, म्हणजे डाग आता कमी होत जाणार. मागच्या नीचांकाच्या वेळी, २०१९ मध्ये, तर वर्षातले बहुतेक दिवस बिंब कोरंच होतं. प्रॉमिनन्स मात्र तेव्हाही अधूनमधून दिसतात. डाग आहेत तोवर हायड्रोजन-अल्फासाठी पैसे साठवा.