रस्टडेस्क : सर्व्हर स्वतःचा असेल तर खरं काम देणारं रिमोट डेस्कटॉप

दोन वेगळ्या नेटवर्कवरचे कॉम्प्युटर जोडून एकावरून दुसरा चालवू देणारी, म्हणजे रिमोट डेस्कटॉपची, सॉफ्टवेअर बरीच आहेत. रस्टडेस्क ओपन सोर्स आहे आणि त्याचा मधला सर्व्हर आपला आपण चालवता येतो. त्यामुळे कनेक्शन अडलं तर ते नेमकं कुठे अडलंय, हे सर्व्हरच्या बाजूनेही बघता येतं. रोज सपोर्ट देणाऱ्याला याचं मोल लगेच कळेल, कारण एरवी ‘कनेक्ट होत नाही’ यापलीकडे हाती काहीच लागत नाही.

सर्व्हरचे दोन भाग आहेत. एचबीबीएस प्रत्येक मशीनच्या आयडीची नोंद ठेवतो, एचबीबीआर रिलेचं, म्हणजे एकीकडचा डेटा दुसरीकडे पोचवण्याचं काम करतो. पुढे येणारे यूडीपी आणि टीसीपी हे डेटा पाठवायचे दोन प्रकार आहेत, आणि त्यापुढचा आकडा पोर्टचा, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा. क्लायंट, म्हणजे कॉम्प्युटरवरचं रस्टडेस्क अ‍ॅप, सुरू झाला की तो यूडीपी २१११६ वरून एचबीबीएसकडे नोंद करतो आणि ठरावीक वेळाने हजेरी लावत राहतो. आपण समोरचा आयडी टाकला की दोन्ही बाजू होल पंचिंगने (दोन्हीकडचे राउटर ओलांडून वाट काढण्याच्या पद्धतीने) थेट जोडायचा प्रयत्न करतात. ते जमलं नाही तर सगळा डेटा एचबीबीआरच्या टीसीपी २१११७ मधून जातो. नॅटचा (राउटरने आतले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यात बदलण्याचा) प्रकार ओळखायला टीसीपी २१११५ लागतो. म्हणजे उघडायचे पोर्ट एवढेच : टीसीपी २१११५ ते २१११७ आणि यूडीपी २१११६. वेब क्लायंट वापरत नसाल तर २१११८ आणि २१११९ बंदच ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो यूडीपीचा. फायरवॉलमध्ये टीसीपीची रेंज एका नियमात उघडली जाते आणि यूडीपीचा वेगळा नियम राहून जातो. मग पोर्ट तपासणारं साधन २१११६ उघडा असल्याचं सांगतं, कारण ते टीसीपी तपासत असतं. इकडे क्लायंटच्या खिडकीत तळाशी ‘रेडी’ काही येत नाही. खात्री करायची तर सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट दाखवणारं साधन) लावा, फक्त यूडीपी २१११६ चा फिल्टर द्या आणि क्लायंट बंद करून पुन्हा सुरू करा. पॅकेट दिसलंच नाही, तर अडथळा सर्व्हरच्या आधी आहे. क्लाउड सर्व्हर असेल तर त्या कंपनीच्या कंट्रोल पॅनेलमधली फायरवॉल वेगळी असते, ती आधी बघा. पॅकेट येतंय पण उत्तर जात नाही, तर सर्व्हरच्या स्वतःच्या फायरवॉलने ते टाकून दिलंय किंवा एचबीबीएस बंद पडलाय. टीसीपीडंप येणारं पॅकेट फायरवॉलच्या नियमांआधी पकडतो, म्हणून ‘दिसतंय म्हणजे पोचलं’ असं धरू नका.

डॉकरवर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनावर) सर्व्हर चालवताना नेटवर्क ‘होस्ट’ मोडमध्ये ठेवा, आणि तेही लिनक्सवरच. नाहीतर एचबीबीएसला क्लायंटच्या खऱ्या पत्त्याऐवजी डॉकरचा आतला पत्ता दिसतो आणि थेट जोडणीचं गणित चुकतं.

एरर मेसेज बऱ्यापैकी प्रामाणिक आहेत. ‘आयडी डझ नॉट एग्झिस्ट’ आलं तर आयडी पुन्हा वाचून घ्या. तो बरोबर असेल तर समोरचा क्लायंट बहुधा अजून रस्टडेस्कच्या सगळ्यांसाठीच्या पब्लिक सर्व्हरवरच आहे, त्याच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आपल्या सर्व्हरचा पत्ता भरलेला नाही. ‘रिमोट डेस्कटॉप इज ऑफलाइन’ म्हणजे नोंद आहे, पण हजेरी थांबली : मशीन स्लीपमध्ये गेलं किंवा इंटरनेट गेलं. ‘की मिसमॅच’ आलं तर क्लायंटमध्ये भरलेली सर्व्हरची ओळख-की जुळत नाही. सर्व्हरवरच्या ‘.पब’ने संपणाऱ्या फाइलमधली की पुन्हा कॉपी करा, मागेपुढे स्पेस नको. सर्व्हर नव्याने बसवताना जुना डेटा फोल्डर नेला नाही, तर नवीन की तयार होते आणि सगळे क्लायंट एकदम तुटतात. की च्या दोन्ही फाइलींचा बॅकअप पहिल्याच दिवशी घ्या.

जोडणी थेट आहे की रिलेवरून, हे सेशनमधल्या ढालीच्या चिन्हावर माउस नेला की कळतं. दोन्ही टोकांना सिमेट्रिक नॅट (प्रत्येक जोडणीला बाहेरचा वेगळा पोर्ट देणारा प्रकार) असेल तर थेट जोडणीची आशा सोडा. तो सॉफ्टवेअरचा दोष नाही. राउटरचा वॅन (इंटरनेटच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या, म्हणजे इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटण्याच्या व्यवस्थेच्या, मागे आहात. अशा जागी सर्व्हर ठेवून राउटरवर कितीही पोर्ट फॉरवर्ड केले तरी बाहेरून कोणी पोचणार नाही. सार्वजनिक पत्त्याचा छोटा व्हीपीएस (भाड्याचा क्लाउड सर्व्हर) घ्या, आणि तो दोन्ही टोकांना जवळचा बघा. रिलेला प्रोसेसर फारसा लागत नाही, बँडविड्थ लागते : १९२० बाय १०८० च्या स्क्रीनला एका जोडणीमागे सेकंदाला ३० किलोबाइटपासून ३ मेगाबाइटपर्यंत, साध्या ऑफिसकामाला साधारण १०० किलोबाइट.

आता उणिवा. विंडोजवर इन्स्टॉल न करता आणि अ‍ॅडमिनचे अधिकार न देता चालवलं, तर अ‍ॅडमिनच्या परवानगीची खिडकी आली की रिमोटवरून काही करता येत नाही. नियमित सपोर्टसाठी इन्स्टॉलच करा. मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंग आणि अ‍ॅक्सेसिबिलिटी या परवानग्या समोरच्या माणसाने स्वतःच्या हाताने द्याव्या लागतात. पहिली राहिली तर स्क्रीन नीट दिसत नाही. दुसरी राहिली तर सगळं दिसतं, पण माउस हलत नाही. लिनक्सवर स्क्रीन दाखवणाऱ्या वेलँड आणि एक्स११ या दोन प्रणाली आहेत. वेलँडमध्ये लॉगिन स्क्रीन मिळत नाही, ज्या मशीनजवळ कोणी बसत नाही तिथे एक्स११ वापरा. मॉनिटर नसलेल्या मशीनला डमी एचडीएमआय प्लग लावावा लागू शकतो. सामायिक अ‍ॅड्रेस बुक आणि वेब कन्सोल फक्त पैसे भरून मिळणाऱ्या प्रो सर्व्हरमध्ये आहेत, आणि बरीच मशीन सांभाळायची असतील तर ही उणीव रोज टोचते.

वर्षातून दोनदा कोणाला मदत करायची असेल तर एवढा खटाटोप करू नका, पब्लिक सर्व्हरवर भागेल. दहा-वीस मशीन कायमची हाताखाली असतील तर मात्र सर्व्हर उभारावा, असं आमचं ठाम मत आहे. विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपचा (आरडीपी) पोर्ट ३३८९ थेट इंटरनेटवर उघडून ठेवण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी सुरक्षित आहे. कायमचा पासवर्ड मात्र लांब आणि प्रत्येक मशीनला वेगळा ठेवा. चाचणी घेताना एक मशीन मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टाका. दोन्ही एकाच वायफायवर असतील तर राउटर आणि नॅटची परीक्षा होतच नाही.