४० मिमी चौरस आसाचा खोला: घ्यावा का, आणि कसा बसवावा

गोव्यातल्या मालीम, कुटबण किंवा वास्कोच्या धक्क्यावर ट्रॉलरचा माल ओतला की बोटभर बांगडे, राणी माशाची पिल्ले आणि कोवळे ढोमे वेगळे पडतात आणि कवडीमोलाने फिशमीलला (माशांची भुकटी करणाऱ्या कारखान्याला) जातात. हीच मासळी वर्षभर वाढली असती तर पाटीने विकली गेली असती. तिला पाण्यातच सोडण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ४० मिमी चौरस आसाचा खोला. खोला म्हणजे ट्रॉलच्या (ओढायच्या जाळ्याच्या) टोकाची मासे साठणारी पिशवी, आणि आस म्हणजे जाळीचे एक भोक. कोचीच्या सिफ्ट या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने तो सुचवला आणि शेजारच्या सिंधुदुर्गात तो वापरातही आला. आमचे मत: मासळीच्या ट्रॉलसाठी जरूर घ्या, पण शिवणाऱ्याशेजारी उभे राहून बसवून घ्या. वस्तू चांगली आहे, बसवणीत घोळ होतो.

नेहमीचा शंकरपाळी आस ओढीच्या ताणाने लांबट होऊन मिटतो. ४० मिमीचा आस पाण्यात रुंदीला साधारण पाव ते एक तृतीयांश, म्हणजे १० ते १३ मिमी उघडतो. चौरस आसात ताण उभ्या दोऱ्यांवर येतो, आडवे दोरे मोकळे राहतात. ४० मिमी हे ताणलेल्या आसाचे माप, म्हणून चौरसाची बाजू २० मिमी. हे भोक खोला भरल्यावरही उघडेच, आणि गोल अंगाची पिल्ले तिथून निसटतात.

घोळ होतो तो गळ्याच्या जोडात, म्हणजे खोला पुढच्या निमुळत्या जाळ्याला शिवतात तिथे. गळ्याची जाळीही ४० मिमीची असेल तर दोन शंकरपाळी आसांना चौरसाची एक बाजू, हे प्रमाण ठेवा. गळ्याला २०० आस असतील तर खोल्याच्या घेरात १०० बाजू, म्हणजे २ मीटर घेर. शिवणारा सवयीने एकास एक जोडतो. मग घेर दुप्पट होतो, जाळीला चुण्या पडतात आणि भोके एकमेकांवर येऊन बंद होतात. असा खोला लावून "काही फरक पडत नाही" म्हणणारे बरेच आहेत.

खोल्याची जाळी विकत घेताना गाठ तपासा. साधी गाठीची जाळी ४५ अंशांत फिरवून कापली की तोही चौरस आसच दिसतो, पण ताण एकाच दिशेने आल्यावर गाठी सरकतात आणि आस वाकडे होतात. बिनगाठी जाळी उत्तम. नाहीतर दुहेरी गाठीची, उष्णतेने पक्की केलेली एचडीपीई (प्लास्टिक दोऱ्याची) जाळी. अर्धेच दोरे ताण घेतात, म्हणून दोरा नेहमीपेक्षा जाड हवा. दोन्ही बाजूंना पॉलीप्रॉपिलीनची दोरी जाळीपेक्षा ५ टक्के आखूड लावा: ५ मीटरच्या खोल्याला ४.७५ मीटर. म्हणजे उचलताना वजन दोरीवर येते, जाळी फाटत नाही. घासणीसाठी जुने जाळे लावायचेच तर फक्त खालच्या अंगाला. सगळीकडे गुंडाळले किंवा आत बारीक अस्तर घातले तर पैसे पाण्यात गेले.

सुंगटांसाठी (कोळंबीसाठी) हा खोला नको, कारण पिल्लांबरोबर करकडी ही छोटी कोळंबीही निसटते. केरळने मासळीला ३५ मिमी आणि कोळंबीला २५ मिमी चौरस आस ठरवला आहे. गोव्यातल्या कोळंबीच्या ट्रॉलला २५ मिमीच योग्य वाटतो. लेप आणि इतर चपट्या माशांना चौरसाचा फारसा उपयोग नाही. जेलीफिश आले की आस बुजतात, तेव्हा ओढ आखूड ठेवावी लागते. समुद्री साप आणि कासव यातून सुटत नाहीत. मोरजी, गालजीबागच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या कासवांसाठी गळ्यात तिरकी गजांची चौकट आणि बाहेर पडायला झाकणाचे भोक हे वेगळे साधन लागते. एकाचे काम दुसरे करत नाही.

खोला नीट बसला का हे पाहायचे तर एका ओढीला त्यावर बारीक आसाचे आवरण बांधा. ते खोल्याच्या घेराच्या दीडपट सैल हवे, नाहीतर तेच भोके झाकते. आवरणात बोटभर राणी आणि बांगडे सापडले आणि खोल्यात विकाऊ माल राहिला, तर जोड बरोबर आहे. खोल्यातच पिल्ले भरली असतील तर प्रथम गळ्याची शिवण उसवून आस मोजा. ही कामे १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत उरकून घ्या. हंगाम सुरू झाल्यावर शिवणाऱ्याला तुमच्यासाठी वेळ नसतो.